जुना वाडा ज्यांनी बांधला त्यांच्या घरच्या लोकांना शोधायचं असेल तर

आमच्या आर्वी-पुलगावच्या पट्ट्यात, म्हणजे वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे, जुने वाडे अजून बरेच उभे आहेत आणि त्यातल्या कितीतरी वाड्यांत आता राहणारी माणसं बांधणाऱ्यांच्या घरची नाहीत. कोणी मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या गावमालकाची जुनी पद्धत) गेल्यावर विकत घेतला, कोणाकडे सावकाराच्या हातून फिरत आला, कोणी मालक शहरात गेले तेव्हा घेतला. आमचाही आजोबांनी घेतलेला. बांधणाऱ्यांच्या नातवंडांशी आता आमचं येणं-जाणं आहे, आणि ते पाहून आजूबाजूच्या गावातले लोक विचारतात की आम्हालाही आमच्या वाड्याचं असं काही शोधायचं आहे, सुरुवात कुठून करू? तर जे मला माहीत आहे ते सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं त्याच्यावर आहे. कागदावर घरातल्या पोरांची नावं सापडतात, पण घर आठवतं ते लेकींना. पोरं शिकायला नागपूर-अमरावतीला गेली, तिथंच राहिली. लेकींचं मात्र ते माहेर होतं, दिवाळीला यायच्या, बाळंतपणाला यायच्या, कोणत्या खोलीत काय होतं ते त्यांना डोळे मिटून सांगता येते. म्हणून शोध कागदापासून सुरू करा पण पोचायचं लेकीबाळींपर्यंत आहे हे डोक्यात असू द्या.

सगळ्यात आधी: स्वतःचं घर कागदावर नीट आहे ना ते पाहा

जुन्या मालकाच्या घरचं कोणी म्हटलं की आपल्याच घरात आधी काळजी सुरू होते, "हिस्सा मागायला आले तर?" ही भीती खोटी नाही, तिला हसण्यावारी नेऊ नका. आई-वडिलांशी, भावांशी बसून बोला, रजिस्ट्री कोणाच्या नावाची आहे, आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) कोणाचं नाव चढलं आहे, ग्रामपंचायतीतला घराचा नमुना ८ कोणाच्या नावाचा आहे, सगळं पाहून घ्या. कोर्टात काही चालू असेल किंवा व्यवहार तोंडी झाला असेल आणि रजिस्ट्रीच नसेल, तर आधी वकिलाला विचारा, तोपर्यंत कोणाला फोन करू नका.

लेकींच्या हक्काच्या २००५ च्या कायद्यामुळेही लोक घाबरतात. त्या कायद्यातच लिहिलेलं आहे की २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेले विक्रीचे व्यवहार त्यानं मोडत नाहीत, म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी रजिस्ट्री होऊन विकलेला वाडा तेवढ्यानं परत जात नाही. घरच्यांना हे समजावून सांगितलं की अर्धी काळजी जाते. पण वाडा बांधणाऱ्यांच्या घरात अजूनही शेतीच्या हिश्श्यावरून भावा-बहिणीत ताण असू शकतो, ते पुढं बोलताना ध्यानात ठेवा.

दुसरी भानगड गुप्तधनाची. जुना वाडा, त्यात कोणी जुनी कागदं शोधून राहिलं, की गावात कुजबूज सुरू होते की हंडा शोधत आहे. त्यातून कोणी मांत्रिक घेऊन दारात आला तर तिथंच परत पाठवा, २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोण्याच्या विरोधात कायदा आहे. आणि दुरुस्ती करताना खरंच भिंतीत काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या वर किमतीचं जमिनीत-भिंतीत दडलेलं धन सापडल्यास कलेक्टरला कळवावं लागते. आपण काय करतो आहे ते पोलीस पाटलाला आणि दोन-चार मोठ्या माणसांना मोकळेपणानं सांगून टाका, लपूनछपून काही करू नका.

मग घर वाचा

मोबाईल आणि टॉर्च घ्या आणि देवडीपासून सुरुवात करा. मोठ्या दरवाज्याच्या चौकटीवर, विहिरीच्या कठड्यावर, देवघराच्या दिवळीवर, माडीच्या तुळईवर कुठंतरी नाव किंवा साल कोरलेलं असते. चुन्याचे थर चढल्यानं दिसत नाही, संध्याकाळी टॉर्च आडवा धरला की अक्षरं उठून दिसतात. खरवडू नका, चौकटीचं सागवान गेलं तर परत मिळणार नाही. शके लिहिलं असेल तर ७८ मिळवा, संवत असेल तर ५७ वजा करा, फसली असेल तर ५९० मिळवा, साधारण इसवी सन निघते, एखादं वर्ष मागे-पुढे होते. मारवाडी, गुजराथी घरानं बांधला असेल तर संवत असण्याची शक्यता जास्त, त्याच्यावरूनही एक अंदाज येतो.

माळ्यावर जे पडलं आहे ते भंगारवाल्याला देण्याआधी एकेक पाहा. पितळेच्या भांड्यांवर नावं असतात. पोथीच्या शेवटच्या पानावर कोणी कोणासाठी लिहिली ते असते. जन्मपत्रिकेच्या गुंडाळीत बापाचं-आज्याचं नाव असते. मनीऑर्डरची पावती मिळाली तर पैसे कोणत्या गावाहून आले तो पत्ता मिळतो. पण माझ्या मते सगळ्यात मोठी चीज म्हणजे जुनी लग्नपत्रिका. एका पत्रिकेत आजा, काका, मामा, सोयरे, त्यांची गावं, सगळं घराणं एका कागदावर मांडलेलं असते आणि लेक कोणत्या गावी दिली ते तर असतेच. मारुतीच्या किंवा विठ्ठलाच्या देवळातल्या फरशीवर, पाराच्या दगडावर, शाळेच्या देणगीच्या पाटीवरही पाहा, वाडा बांधणाऱ्यांनी गावात दुसरंही काही बांधलेलं असते.

आता कागद

स्वतःच्या रजिस्ट्रीपासून मागे जायचं. विकणाऱ्याला हे घर कसं मिळालं ते बहुतेक रजिस्ट्रीत लिहिलेलं असते, वडिलोपार्जित, वाटणीत मिळालं, की अमुक सालच्या दस्तानं घेतलं. तो आधीचा दस्त नंबर हातात आला की दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात सूची दोनची (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या गोषवाऱ्याची) नक्कल मागायची. ऑनलाईन ई-सर्चवर आपल्याकडचे साधारण २००२ च्या पुढचेच दस्त दिसतात, त्यामुळं जुन्यासाठी ऑफिसात जावंच लागते. दस्त वाचताना फक्त मालकाचं नाव पाहून थांबू नका. चतुःसीमा पाहा, पूर्वेला कोणाचं घर होतं, पश्चिमेला कोणाचं, ती घरं अजून गावात आहेत. साक्षीदार पाहा, साक्षीदार बहुतेक सोयरा किंवा भरवशाचा माणूस असतो. नावात 'वल्द' असेल तर पुढचं नाव बापाचं, 'जौजे' असेल तर नवऱ्याचं, 'बेवा' म्हणजे त्या बाईचा नवरा तेव्हा वारलेला होता.

भूमि अभिलेखच्या ऑफिसात आखीव पत्रिका मिळते, पण गावात सिटी सर्वे झालेला नसेल तर जुनी पत्रिका नसतेच. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोननं गावठाण मोजून ज्या नवीन पत्रिका निघाल्या त्यात आत्ताच्या मालकाच्या मागचा इतिहास फारसा मिळत नाही. म्हणून घराचा पत्ता घराच्या कागदात नाही मिळाला तर शेतीच्या कागदात शोधा. ज्यांनी वाडा बांधला त्यांची शेती असणारच. फेरफार रजिस्टरमध्ये माणूस वारला की वारसाची नोंद होते, त्यात पोरांची नावं, बायकोचं नाव, नशीब असेल तर लेकींची नावं आणि त्यांची सासरची गावं. जुन्या फेरफारात बरेचदा लेकींची नावं घेतलेलीच नसतात, तेव्हा फेरफारात नाव नाही म्हणून लेक नव्हती असं समजू नका.

इथं गाव नदीच्या कोणत्या बाजूचं ते महत्त्वाचं आहे. वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) हा मालगुजारीचा भाग, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे वऱ्हाड. मालगुजारी ३१ मार्च १९५१ ला संपली. गाव सरकारजमा झालं पण राहतं घर आणि घरची शेती मालकाकडंच राहिली, म्हणून त्या वर्षी वाडा विकला गेला असं गृहीत धरू नका, पुष्कळ वाडे नंतर हळूहळू, शिक्षणाच्या, लग्नाच्या खर्चापायी गेले. मालगुजारी भागात १९५४-५५ चं अधिकार अभिलेख पाहा, मालगुजारी गेल्यानंतर कोणाच्या नावावर काय उरलं ते त्यात दिसते. वऱ्हाडात १८५३ पर्यंत निजामाचा कारभार होता, तिथल्या जुन्या सनदा-बिनदा फारसीत निघू शकतात. दोन्हीकडं मोडी कागद निघतात. मोडी वाचणारी माणसं नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयाच्या, विदर्भ संशोधन मंडळाच्या, यवतमाळच्या शारदाश्रमाच्या ओळखीतून मिळू शकतात. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, चांगल्या उजेडात फोटो काढून तेच द्या.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक असते, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. पुष्कळ ठिकाणी लेकराचं नावच नसते, अमक्याला मुलगा झाला, मुलगी झाली, एवढंच, तरी तारीख आणि बापाचं नाव मिळते. गावच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर तर हमखास पाहा, शाळा सोडून कोणत्या गावी गेला ते लिहिलेलं असेल तर घर कधी आणि कुठं हललं ते कळून जाते. हे कागद कुठं आणि कोणत्या बाबूकडं मिळतात हे सगळ्यात नीट कोणाला माहीत असते? जात पडताळणीसाठी धावपळ केलेल्या माणसाला. गावात असा एक तरी माणूस असतोच, त्याला सोबत घेऊन जा.

आडनावावरून फेसबुकवर शोधत बसू नका. देशमुख, पाटील तर गावोगावी आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. आडनाव, गाव, आज्याचं नाव, तिन्ही जुळल्याशिवाय पुढं जाऊ नका.

गावातली माणसं

खरं सांगू का, कागदाच्या आधी हे केलं तरी चालते. पण "हा वाडा कोणाचा?" असं विचारलं की लोक सावध होतात. त्यापेक्षा "वाड्यातलं शेवटचं लग्न कोणाचं झालं?", "पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी कोणाची उभी राहायची?" असं विचारा. पोळ्याच्या मानाची गोष्ट निघाली की म्हातारे काकाजी मोकळे होतात, कोणत्या सालात मान कोणाकडून कोणाकडं गेला, काहून गेला, सगळं निघते. आमच्या गावात एका आजीनं सांगितलं, "त्याईची मोठी पोरगी देवळीकडं देल्ली होती बाबू, तिच्या लग्नात आमी साऱ्या गावानं मांडव घातला होता." त्या एका वाक्यानं जे काम झालं ते फेरफारानं झालं नव्हतं.

आणि वाडा बांधणारे म्हणजे फक्त पैसा लावणारे नाहीत. ज्या सुतारानं चौकट घडवली, ज्या बेलदारानं दगड फोडला, ज्या गवंड्यानं चुना मळला, जे सालदार पिढ्यान्‌पिढ्या तिथं राबले, त्यांच्या घरचे लोक तर बहुतेक अजून गावातच आहेत. त्यांच्याकडं आधी जा. मालकाचे वारस कुठं गेले हेही त्यांनाच माहीत असते कारण लग्नकार्याला, मयतीला त्यांच्याकडं निरोप येत राहिलेला असतो. त्यांच्या आठवणी सगळ्या गोड असतील असं नाही. कोणाला वेठ आठवेल, कोणाला व्याजात गेलेलं शेत, कोणाला देवडीच्या आत पाऊल टाकू न दिलेलं आठवेल. तेही तसंच लिहून घ्या, मधात बोलू नका, वाड्याची बाजू घेऊन समजावायला जाऊ नका. तो त्या घराचाच इतिहास आहे.

पोस्टमन, देवळाचे पुजारी, जुने गुरुजी यांनाही भेटा. काही समाजांत वंशावळ वाचणारे भाट अजून येतात, त्यांच्या वहीत शाखा कुठं-कुठं गेल्या ते असते. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडच्या नामावळीत गाव आणि आडनाव सांगितलं तर त्या घरच्या आलेल्या लोकांच्या नोंदी निघू शकतात. समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत मूळ गाव आणि मामकुळ लिहिलेलं असते, तिथंही सुगावा लागतो. पुण्या-मुंबईकडंच शोधू नका, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, नागपूर राजधानी होती, नोकरीतली कितीतरी घरं रायपूर, बिलासपूर, जबलपूर, भोपाळला गेली आणि तिथंच राहिली. त्यांची नातवंडं आता हिंदीतून बोलतात पण आज्याच्या गावाचं नाव विचारलं की सांगतात.

पहिला निरोप

नंबर मिळाला म्हणून लगेच फोन लावू नका. अनोळखी माणूस वडिलोपार्जित घराबद्दल बोलतो म्हटल्यावर समोरच्याला फ्रॉडच वाटणार. ज्याच्यामार्फत पत्ता लागला त्याच्याकडूनच आधी कानावर घाला, मग दोन दिवसांनी छोटा मेसेज आणि घराचा एक चांगला फोटो. काहीतरी असा:

"नमस्कार काकाजी. मी अमुक गावचा, अमक्याचा मुलगा. तुमच्या आजोबांनी बांधलेल्या वाड्यात आम्ही राहतो, आमच्या आजोबांनी तो अमुक सालात रजिस्ट्रीनं घेतला. घर अजून चांगलं आहे, फोटो पाठवतो. ते कोणी आणि कसं बांधलं, तिथं कोण राहून गेलं हे जाणून घ्यायची आमची इच्छा आहे. कागदपत्र, हिस्सा, पैसा याच्याशी काही संबंध नाही. माळ्यावर तुमच्या घरचे काही जुने फोटो सापडले आहेत, ते तुमचे आहेत म्हणून तुम्हाला पोचवायचे आहेत. तुम्हाला वेळ असेल आणि बोलावंसं वाटलं तरच कळवा."

यात तीन गोष्टी हव्याच: तुम्ही कोण, काय नको आहे, आणि त्यांचं तुमच्याकडं काय आहे. मागण्याआधी देण्याचं बोलणं आलं की माणूस विश्वास ठेवतो. पहिल्या मेसेजमध्ये दस्ताचे फोटो अजिबात पाठवू नका. त्यांनी कशावर सही मागितली किंवा तुमच्या रजिस्ट्रीची कॉपी मागितली तर शांतपणे, "वकिलाला विचारून सांगतो" म्हणा. उत्तर नाही आलं तर पुढच्या दिवाळीला एकदा शुभेच्छा पाठवा आणि मग थांबा. काही घरांत वाडा विकल्याचं दुःख किंवा भांडण अजून ताजं असते, तो त्यांचा हक्क आहे.

त्या घरच्या भावांशी बोलणं झालं की मग हळूच विचारा, "आत्याबाई कुठं असतात? त्यांच्याशी बोललं तर चालेल का?" भावाला विचारूनच बहिणीपर्यंत जा, परस्पर गेलात आणि त्यांच्यात हिश्श्याचा वाद असला तर विनाकारण तुमचं नाव त्यात येईल.

ते घरी येतात तेव्हा

बोलवायचं तर दिवाळीनंतर, कापसाच्या वेचणीची घाई पाहून, किंवा फेब्रुवारीत. मृगाच्या पेरणीत बोलवू नका, तुम्हालाही वेळ नाही आणि रस्त्याचा चिखल वेगळा. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाला आपल्याकडच्या उन्हात आणू नका. त्यांच्या घरचा कुळाचार, महालक्ष्म्या त्या देवघरात होत असतील तर नमस्काराला यायची त्यांची इच्छा असू शकते, तेवढं आधी विचारून ठेवा.

आल्याबरोबर घर दाखवत फिरू नका. त्यांना पुढं जाऊ द्या, तुम्ही मागून चला. कुठं वळतात, कुठं थांबतात, कोणती भिंत नव्यानं दिसली म्हणून बिचकतात, त्यातच जुना नकाशा निघतो. मग बसल्यावर विचारा: बंगई (झोपाळा) कुठं होती, गुरांचा कोठा कोणत्या बाजूला होता, धान्याचं पेव कुठं होतं, बाळंतिणीची खोली कोणती, सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) कोणती झाडं होती, कवेलू (कौलं) बदलायला कोण यायचं. "काही आठवणी सांगा" असं विचारलं तर कोणालाच काही सुचत नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून करा आणि फोन समोर ठेवा, लपवून नको. फोटोतली माणसं ओळखली की मागच्या बाजूला शिसपेन्सिलनं नाव लिहून घ्या, बॉलपेननं नको, पुढून डाग उमटतात.

जेवायला साधं आपल्याकडचं करा, पाटवडी-रस्सा, भाकर, आलू-वांगं. घरची लेक आली असेल तर तिची खणा-नारळानं ओटी भरा. हे लहान वाटेल पण ती तुमच्या घरी नाही, माहेरी आलेली आहे, आणि त्याच्यानंतर ती जे सांगेल ते आधी सांगणार नाही. गावातल्या जुन्या सुताराच्या, सालदाराच्या घरच्यांनाही त्या दिवशी बोलवा, पण आधी दोघांनाही विचारून, आणि बसायला सगळ्यांना एकाच ओसरीवर.

काय परत द्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. देवाचे टाक, फोटो, पत्रं, नाव असलेली भांडी, हे त्यांचं, मागितलं तर द्या, आणि नाही मागितलं तरी विचारा. वाड्याचे जुने कागद आपल्याकडं ठेवा आणि त्यांना स्कॅन द्या. चौकट, खांब, दरवाजा असं काही मागितलं तर नाही म्हणायला लाजू नका, ते घरातून काढलं की घरच राहत नाही.

त्यानंतर

सगळं एका वहीत लिहा, कोणी सांगितलं, कोणत्या दिवशी, आणि ते कागदावर सापडलं की ऐकीव आहे ते वेगवेगळं. एक प्रत त्यांना पाठवा आणि चुका दुरुस्त करून मागा, दुरुस्तीच्या निमित्तानं अर्ध्या गोष्टी नव्यानं निघतात. जिवंत माणसांचे पत्ते, नंबर, घरातले वाद त्या वहीतून काढूनच मग गावात किंवा वाचनालयात कोणाला दाखवा. पोळ्याला, महालक्ष्म्यांना घराचा एक फोटो पाठवत राहा. आणि माडी उतरवायची असेल, कवेलू काढून स्लॅब टाकायचा असेल, तर काम सुरू करायच्या आधी एक फोन करा, कोणाला शेवटचं पाहून जायचं असेल तर येऊन जातील, आणि त्यांच्याकडं एखादा जुना फोटो असेल तर भिंत कशी होती ते मिस्त्रीलाही दाखवता येईल.